अर्ज जिन्यावर स्वीकारले जातील

सख्ख्या नवऱ्याला निवडणुकीतून बाद करणारी बाई राज्यात आणखी कोणी असेल, तर तिने मला जरूर भेटावं. दोघी मिळून चहा घेऊ आणि नवऱ्यांना शिव्या घालू. माझ्या नवऱ्याने त्या संध्याकाळपासून दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. खोटं कशाला सांगू, ते दोन दिवस फार सुखाचे गेले.

पण आधी मी कोण ते सांगते. मी नलिनी सावंत, मुक्काम बोरीवली पूर्व. सहकार खात्याच्या एका कचेरीत कारकून म्हणून चिकटले आणि हेडक्लार्क होऊन बाहेर पडले. निवृत्तीनंतर गृहनिर्माण सोसायट्यांच्या निवडणुका घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या यादीत माझं नाव लागलं आणि बरीच वर्षं सांताक्रूझ ते मुलुंड मी हेच काम केलं.

निवडणूक अधिकारी म्हटलं की लोकांना पोलीस, टीव्हीवाले आणि पांढरी गाडी आठवते. आमच्याकडे त्यातलं काही नाही. आमची निवडणूक बिल्डिंगची. मतदारसंघ म्हणजे ए विंग आणि बी विंग. मतपेटी म्हणजे फरसाणाचा रिकामा डबा, झाकणाला सुरीने पाडलेली चीर. एका ठिकाणी मतमोजणीच्या वेळी डब्यातून मतपत्रिकांबरोबर शेवसुद्धा निघाली होती. पण त्या डब्याला लाख लावून मी शिक्का मारला, की भलेभले गप्प बसायचे. आणि भांडणं म्हणाल तर विधानसभेपेक्षा जास्त. तिथे पडलेला उमेदवार आणि निवडून आलेला उमेदवार एकाच जिन्याने घरी जात नाहीत. आमच्याकडे जातात, आणि वाटेत एकमेकांच्या चपलांच्या स्टँडला लाथा मारतात.

तेव्हा कायदा असा होता, की सोसायटी बारा फ्लॅटची असो की बाराशेची, तिने आपली निवडणूक आपण घ्यायची नाही. सहकारी निवडणुकांसाठी राज्याचा एक स्वतंत्र आयुक्त, त्याच्या हाताखाली सगळी उतरंड, आणि सगळ्यात खाली डबा घेऊन बसलेली मी. आयुक्तांना मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. पण त्यांचं नाव माझ्या नेमणुकीच्या कागदावर असायचं आणि त्या नावाची मला भारी ऐट होती. कोणी आवाज चढवला, की मी कागद पुढे सरकवायचे. "माझ्याशी नाही, वर बोला."

या 'वर'चा मला इतका आधार वाटायचा, की माझं टेबलसुद्धा मी कधी आपल्या मनाने हलवलं नाही. गोरेगावला एका सोसायटीच्या ऑफिसात ऐन मतदानाच्या दिवशी डोक्यावर पाणी गळायला लागलं. लोक म्हणाले, "मॅडम, बाजूच्या खोलीत बसा ना." मी म्हटलं, "मतदान केंद्र बदलायला वरून लेखी परवानगी लागते." आणि अख्खी दुपार एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने मतपत्रिका वाटल्या. तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं. आता वाटतं, बाजूच्या खोलीत पंखा तरी होता.

माझे स्वतःचेही काही नियम होते. त्यातला पहिला मला मुलुंडने शिकवला. तिथे एक सद्गृहस्थ बिनविरोध निवडून आले. अभिनंदन करायला मी त्यांच्या घरी गेले, तर ते म्हणाले, "कसली निवडणूक?" शेजाऱ्याने परस्पर त्यांचा अर्ज भरून दिला होता, कारण पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवायला त्याला कोणीतरी हवं होतं. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीच्या कार्यक्रमात मी ठळक अक्षरांत एक ओळ टाकायला लागले. 'उमेदवाराने स्वतः कार्यालयात हजर राहून अर्ज द्यावा.'

दुसरा नियम वेळेचा. अर्जाची मुदत दुपारी तीनची, म्हणजे तीनच. यातली एक गोष्ट मात्र मला आजही सलते. सांताक्रूझच्या एका जुन्या इमारतीत सोसायटीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. गुप्ते म्हणून एक म्हातारे गृहस्थ उभे राहणार होते. त्यांच्या बिछान्यावर वरच्या फ्लॅटचं पाणी ठिबकत होतं आणि कमिटी दाद देत नव्हती, एवढंच त्यांचं राजकारण. तीन वाजले, मी वही मिटली, आणि जिन्यावरून आवाज आला, "आलो, आलो!" ते दारात पोहोचले तेव्हा तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. लोक म्हणाले, "अहो, तीनला ते जिन्यात होते." मी म्हटलं, "जिना म्हणजे कार्यालय नव्हे."

गुप्त्यांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, "बाई, मी तुमच्या घड्याळाला नाही हरलो, जिन्याला हरलो." आणि काठी टेकत उतरून गेले. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला हा किस्सा मोठ्या अभिमानाने सांगितला होता. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "त्या माणसाच्या बिछान्याचा काय झाला मगे?"

आणि मग कायदा बदलला. अडीचशे सदस्यांपर्यंतच्या सोसायट्यांनी आपला निवडणूक अधिकारी आपणच सभेत निवडायचा. आयुक्तांकडे राहिल्या मोठ्या सोसायट्या. आमच्या बोरीवलीतल्या चार मजली इमारती त्यांच्या हातातून सुटल्या, आणि माझ्याही. बातमी वाचून मी चहा न पिता बसून राहिले. लोकांच्या हातात निवडणूक? वाट लागली म्हणायची! नवऱ्याने पेपर घेतला, वाचला आणि म्हणाला, "म्हणजे तुझ्या साहेबाची सत्ता कमी झाली, आणि तोंड तुझा उतरला. अगो, त्याका तरी ठाऊक आसा काय, तू खंय ऱ्हवतंस?" श्रीधर मूळचा मालवणजवळचा. चिडवायचं असलं की त्याला मालवणी बरोबर आठवते.

आता आमच्या इमारतीबद्दल. तळमजला अधिक चार मजले, लिफ्ट नाही. सेक्रेटरी दळवी, तळमजल्यावर राहतात. माणूस वाईट नाही. गणपतीत स्वतः झाडू मारतात. पण लिफ्ट म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. लिफ्टचा खांब त्यांच्या खिडकीपुढे येणार होता. "मी तळमजल्यावर. मला लिफ्टचा उपयोग काय? जिना चढणं प्रकृतीला उत्तम," असं ते म्हणायचे, आणि स्वतः गेल्या कित्येक वर्षांत पहिल्या मजल्याच्या वर गेले नव्हते. निवडणुकीचं विचारलं की म्हणायचे, "वर पत्र दिलंय. अधिकारी आला की घेऊ." ते पत्र कधी कपाटाबाहेर पडलंच नव्हतं, हे पुढे कळलं. मी स्वतः त्याच यादीतली अधिकारी, पण आपल्या सोसायटीत नाक खुपसायचं नाही हा माझा तिसरा नियम. या नियमांपायी मी किती मूर्खपणा केला आहे, ते हे लिहिताना कळतंय.

कारण चौथ्या मजल्यावर कांबळे सिस्टर होत्या. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून अख्खी बिल्डिंग त्यांना सिस्टरच म्हणते. आमच्या प्रत्येकाच्या घरात त्यांनी इंजेक्शनं दिली आहेत. माझ्या सासूच्या शेवटच्या आजारपणात दिवसातून तीनदा त्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर उतरायच्या. आता दोन्ही गुडघे गेले होते. दवाखान्यात न्यायचं झालं तर बिल्डिंगमधली चार पोरं खुर्चीत बसवून खाली न्यायची. एरवी महिनोन्‌महिने त्या घराबाहेर पडलेल्या नव्हत्या. गॅलरीतून हाक मारायच्या, "नलू, भाजीवाल्याकडे मेथी आहे का गं?" आणि मेथी असली की टोपली दोरीने खाली सोडायच्या. लिफ्ट आली असती तर ती मेथी त्यांनी स्वतः निवडून घेतली असती. सगळं भांडण होतं ते एवढ्यासाठी.

नव्या कायद्याने निवडणूक घ्यावीच लागली. सभा भरली आणि अधिकारी म्हणून माझं नाव कोणी सुचवावं? दळवींनी! "सावंतबाईंसारखं निष्पक्ष माणूस बोरीवलीत सापडणार नाही," म्हणाले. टाळ्या पडल्या. मी अशी फुगले, की जिना चढताना कठड्याचाही आधार घेतला नाही. दळवींचा डाव माझ्या लक्षात आला तो आठवड्याने.

त्याचं असं होतं, की लिफ्ट हवी असणाऱ्यांनी एक गट केला होता. कमिटीत बहुमत व्हायला त्यांची माणसं मोजून पुरत होती, आणि त्यातला एक होता आमचा श्रीधर. पण आमचा फ्लॅट माझ्या नावावर आहे, त्याचं नाव दुसरं. दुसऱ्या नावाच्या माणसाला उभं राहायचं तर पहिल्या नावाच्या सदस्याने लेखी ना-हरकत द्यावी लागते. म्हणजे माझ्या सहीने माझाच नवरा उभा राहणार, आणि त्याची मतं मीच मोजणार! दळवींनी हे सगळं आधीच जोखलं होतं. मुरलेला माणूस.

शेवटच्या दिवशी दुपारी एक वाजता श्रीधर तळमजल्यावरच्या सोसायटी ऑफिसात माझ्यापुढे अर्ज घेऊन उभा राहिला.

"ना-हरकत जोडलेली नाही," मी म्हटलं.

"मग दी."

"मी देणार नाही. मी अधिकारी आहे. उद्या दळवी म्हणतील, बायकोने नवऱ्याला निवडून आणला, आणि अख्खी निवडणूक रद्द होईल."

"मगे अधिकारीपद सोड."

"सोडलं तर दळवींचा मेव्हणा बसेल या खुर्चीत. चालेल?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "अगो, तू माजी बायल की सरकारची?"

"तीन वाजेपर्यंत सरकारची," मी म्हटलं आणि अर्ज परत केला.

तो तणतणत फळ्याकडे वळला. फळ्यावर मी रोज सकाळी आलेल्या अर्जांची यादी लिहायचे. शेवटची ओळ होती, 'अनुसूचित जाती-जमाती राखीव जागा : अर्ज नाही.' ही ओळ मी आयुष्यात इतक्या फळ्यांवर लिहिली आहे, की हात आपोआप चालायचा. बहुतेक सोसायट्यांत ती जागा रिकामी राहते. 'उमेदवार उपलब्ध नाही' असं लिहायचं आणि पुढे जायचं. उपलब्ध आहे का, हे कोणी जिना चढून विचारत नाही. मीही कधी विचारलं नाही, आणि याची मला लाज वाटते.

श्रीधरने ती ओळ वाचली, मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि जिना चढून वर गेला. मी काही विचारलं नाही. अधिकाऱ्याने विचारायचं नसतं. पण माझीच ठळक ओळ मला आठवली. उमेदवाराने स्वतः कार्यालयात हजर राहून.

सव्वादोनला फोन वाजला. सिस्टर बोलत होत्या.

"नलू, हा तुझा नवरा माझ्या दारात बसलाय. राखीव जागेवर मी उभं राहावं म्हणतो."

"सिस्टर, तो निर्णय तुमचा. मी काही बोलू शकत नाही."

"तू गप्प बस. मी ठरवलंय. तीस वर्षं राहते इथे, इंजेक्शनला बोलवायला सगळे आले, कमिटीवर ये म्हणायला आज पहिल्यांदा कोणी आलं. पण चार मजले तीनपर्यंत माझ्याने उतरवणार नाहीत. पोरं सगळी कामावर गेलीत."

"मी वर येऊन अर्ज घेते," मी बोलून गेले. माझ्या तोंडून असं वाक्य निघालेलं ऐकून मलाच घाम फुटला.

"अजिबात नाही. घरी येऊन अर्ज घेतलास तर दळवी उद्या बोंब मारेल. मी उतरते. जमेल तितकं उतरते." आणि फोन बंद.

मी घड्याळाकडे बघत बसले. समोर नेमणुकीचा कागद होता. सवयीने मी वरची सही शोधली. आयुक्तांची नव्हती. आमच्याच सभेच्या अध्यक्षांची होती, निळ्या बॉलपेनने केलेली. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आता परवानगी मागायला वर कोणी नाही. टेबल कुठे मांडायचं ते मीच ठरवायचं. ज्या कायद्याच्या नावाने मी इतके दिवस बोटं मोडत होते, त्याने माझी खुर्ची काढून घेतली नव्हती. तिला चाकं लावून दिली होती.

पण मांडायचं तर सगळ्यांना समान. तळमजला आणि चौथा मजला यांच्या बरोबर मध्ये येतो दुसरा मजला. मी कागद घेतला आणि लिहिलं, 'सर्व सदस्यांस समान अंतर पडावे म्हणून निवडणूक कार्यालय अडीच वाजल्यापासून दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये हलविण्यात येत आहे. अर्ज जिन्यावर स्वीकारले जातील.' शिक्का मारला. एक प्रत फळ्यावर, एक ऑफिसच्या दारावर, फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. वॉचमनला दारात उभं केलं, येईल त्याला वर पाठव म्हणून. त्याच्याकडूनच टेबल उचलून घेतलं. अडीचला मी दुसऱ्या मजल्यावर, माझ्याच घराच्या दारासमोर, वही उघडून बसले होते.

वरून आवाज येत होते. सिस्टर एकेका पायरीवर बसत, कठडा धरून खाली सरकत होत्या आणि श्रीधर त्यांच्या पुढे उलटा, दोन्ही हात पसरून.

"सिस्टर, सावकाश."

"तू बाजूला हो रे. पडले तर तुझ्यासकट जाईन. मग अर्ज कोण देणार?"

दोन चाळीसला त्या तिसऱ्या मजल्यावर होत्या. तिथे पाच मिनिटं थांबल्या. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. उठून जावं, हात द्यावा, असं इतकं वाटत होतं, की मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. मग पुन्हा सरकण्याचा आवाज सुरू झाला. दोन छप्पनला सिस्टर शेवटच्या पायरीवर टेकल्या, ब्लाऊजमधून घडी केलेला अर्ज काढला आणि म्हणाल्या, "घे बाई. कार्यालय थंडगार आहे गं तुझं." मी वेळ लिहिली, पोच दिली. अक्षर वाकडं आलं. डोळ्यांत पाणी असलं की येतं.

आता दळवी. दळवींची एक सवय होती. आपला अर्ज ते नेहमी शेवटच्या पाच मिनिटांत भरायचे, म्हणजे समोरच्याला कळू नये. सोसायटीचा ग्रुप त्यांनी लिफ्टच्या वादात केव्हाच सोडला होता. त्यामुळे तीनला पाच कमी असताना ते झोकात ऑफिसपाशी आले आणि दाराला नोटीस! दोन मिनिटं वॉचमनवर ओरडण्यात गेली. मग जिन्यावर पावलं वाजली. पहिला मजला जोरात. मग हळू. मग आवाज बंद.

माझ्या घड्याळात तीन वाजले. आणि खालून घोगरा आवाज आला, "आलो... आलो!"

तेच शब्द, तसाच जिना.

दळवी पोहोचले तेव्हा तीन वाजून चार मिनिटं झाली होती. चेहरा लालबुंद, तोंडातून शब्द फुटेना. श्रीधर माझ्या कानाशी लागला, "नाकार. नियम म्हणजे नियम. तूच म्हणतंस ना?" तेवढ्यात सिस्टर गरजल्या, "आधी त्याला बसव! दळवी, शर्टाचं वरचं बटण उघडा. हात द्या इकडे." पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी दळवींची नाडी धरली. एका पायरीवर लिफ्ट हवी असलेली बाई, खालच्या पायरीवर लिफ्ट नको असलेला माणूस, आणि त्याचं मनगट तिच्या हातात.

"ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या. "बीपी बघून घ्या मात्र."

मी वही ओढली. "तीन वाजता तुम्ही कुठे होतात, दळवी?"

"जिन्यात," ते कसेबसे म्हणाले.

"आज जिना हेच कार्यालय आहे. नोटिशीत तसं लिहिलंय. अर्ज स्वीकारते." श्रीधरने कपाळावर हात मारला. "पण चार मिनिटं विलंब आहे. त्याचं कारण लेखी द्या. नियम आहे."

दळवींनी कागद घेतला. दम लागलेला माणूस खोटं रचू शकत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. त्यांनी लिहिलं, 'इमारतीस लिफ्ट नसल्याने जिना चढून येण्यास मला चार मिनिटे उशीर झाला.' खाली सही. सेक्रेटरी म्हणून इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी सहीखाली सोसायटीचा शिक्कासुद्धा मारला, खिशातच होता.

पुढचं थोडक्यात. सिस्टर बिनविरोध आल्या. दळवीही निवडून आले. नवी कमिटी भरली ती चौथ्या मजल्यावर, सिस्टरांच्या घरी. लिफ्टचा ठराव आला तेव्हा दळवी बोलायला उभे राहिले, आणि सिस्टरांनी चष्मा लावून तो कागद मोठ्याने वाचला. दळवी खाली बसले. ठराव एकमताने झाला. मला राहून राहून वाटत होतं, की सांताक्रूझला मीही एक कागद पुढे करून 'कारण लेखी द्या' म्हणू शकले असते. गुप्त्यांनी तेच कारण लिहिलं असतं. पण तेव्हा मी वरची सही बघत होते, समोरच्या माणसाकडे बघायला मला सवड नव्हती.

लिफ्ट आता सुरू झाली आहे. सिस्टर रोज संध्याकाळी खाली येतात, भाजीवाल्याशी हुज्जत घालतात आणि मेथी परत ठेवून चवळी घेतात. दळवी रोज सकाळी लिफ्टने चौथ्या मजल्यावर जातात, बीपी बघून घ्यायला. परवा ते मला लिफ्टच्या दारात भेटले. वैतागले होते.

"काय हो सावंतबाई, ही लिफ्ट किती वेळ लावते खाली यायला! काहीतरी करा ना."

"लेखी द्या," मी म्हटलं.